टेबलावरचं रॉकेट आणि त्याच्या रंगांच्या गमती

माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ रॉकेट ११०.६ मीटर उंच होतं. मॉडेल किटच्या दुनियेत त्याचं लाडकं माप १/१४४. म्हणजे किट जोडून झालं की ते अवाढव्य धूड ७७ सेंटिमीटरचं होऊन टेबलावर उभं राहतं. पण माप लावायचं ते फक्त रॉकेटलाच का? सगळ्या मोहिमेलाच लावून बघा. नील आर्मस्ट्राँग सव्वा सेंटिमीटरचा होतो. अपोलो यान चंद्राकडे निघण्याआधी पृथ्वीभोवतीच्या ज्या कक्षेत थांबायचं, ती १८५ किलोमीटर उंचीची कक्षा टेबलापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर येते. चंद्र मात्र तरीही २,६७० किलोमीटर लांब राहतो. भारताच्या दक्षिणोत्तर लांबीपेक्षा काहीसं कमी. आणि हा आखूड केलेला चंद्रही रुंदीला २४ किलोमीटर भरतो, म्हणजे जवळपास चर्चगेट ते जोगेश्वरी!

१/१४४ हा अडनिडा आकडा आला फूट-इंचांतून. १/१४४ म्हणजे १२ फुटांना एक इंच, १/९६ म्हणजे ८ फुटांना, १/७२ म्हणजे ६ फुटांना आणि १/४८ म्हणजे ४ फुटांना. मीटर-सेंटिमीटर वापरणाऱ्या जपाननेही हीच मापं उचलली आणि आज जगातली उत्तमोत्तम किट तिथूनच येतात. त्यातही एकट्या शिझुओका शहराचा आणि आसपासच्या गावांचा वाटा केवढा! तामिया, हासेगावा, आओशिमा या कंपन्या तिथल्याच, आणि बंदाईचा मॉडेल कारखानाही तिथेच. तामियाची सुरुवात लाकडाच्या व्यापारातून झाली. मग लाकडी मॉडेल आली आणि १९६० मध्ये यामातो या युद्धनौकेचं त्यांचं पहिलं प्लास्टिक किट बाजारात आलं.

आधी किट, मग यान

अंतराळयानांची किट अंतराळयुगाच्या मागून आली असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीने चांद्रयानासाठीच्या एका काल्पनिक रॉकेटचं किट, एक्सएसएल-०१, आणलं ते १९५७ मध्ये. स्पुटनिक उडालं तेही त्याच वर्षी. म्हणजे माणसाने पहिला उपग्रह सोडला त्याच वर्षी मुलांच्या खोल्यांमधून चंद्राच्या स्वाऱ्या सुरूही झाल्या. १९५९ मध्ये मोनोग्रॅम कंपनीने विज्ञानलेखक विली ले याच्या कल्पनेतली याने किटमध्ये आणली. त्यात एक चक्क अंतराळातली टॅक्सी होती!

सोव्हिएत रॉकेटांची गोष्ट नेमकी उलटी. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अंतराळात जाऊन आला, त्याचं नाव घरोघर पोचलं, पण त्याला नेणारं वोस्तोक रॉकेट दिसतं कसं हे सोव्हिएत संघाने जगाला दाखवलंच नाही. १९६७ च्या पॅरिस हवाई प्रदर्शनात ते पहिल्यांदा उघड मांडलं गेलं. तोवर सहा वर्षं मॉडेल बनवणाऱ्यांच्या हातात नुसते तर्क.

मेणबत्तीवरचा अँटेना

किटचा खोका उघडला की सुटे भाग एका प्लास्टिकच्या सांगाड्यात अडकलेले दिसतात. या सांगाड्याला स्प्रू म्हणतात. कटरने भाग सुटे करायचे, राहिलेला कण पात्याने छाटायचा, पॉलिश पेपरने घासून सपाट करायचं आणि सांगाडा कचऱ्यात. थांबा, सांगाडा टाकू नका!

त्याचा वीतभर तुकडा घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीच्या चार बोटं वर आडवा धरा आणि सारखा फिरवत राहा. ज्योतीत घालायचा नाही. प्लास्टिक पेटतं आणि काजळीचा काळा धूर सोडतं. थोड्या वेळात मधला भाग चकाकायला लागतो, मग मऊ होऊन खाली झुकतो. त्या क्षणी तुकडा ज्योतीपासून बाजूला घ्यायचा आणि दोन्ही हात सावकाश, एका लयीत लांब करायचे. मधून केसाइतकी बारीक तार निघते. ती दोन-चार श्वास ताणून धरली की सरळ राहते. झाला अँटेना! हळू ओढलं तर तार जाड, झटकन ओढलं तर बारीक. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे: सांगाडा चौकोनी असेल तर तारही चौकोनीच निघते. कितीही बारीक ओढा, आकार कायम. पारदर्शक सांगाडा ओढून आडवा कापला तर यानाचे इवले दिवेसुद्धा तयार होतात.

गोंद नव्हे, वितळण

प्लास्टिक किटसाठीचा खास सिमेंट नावापुरताच गोंद आहे. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की तिथे सांधा राहतच नाही, एकच प्लास्टिक राहतं. म्हणून तो कमी लावायचा. जास्त लागला तर रॉकेटच्या अंगावरची कोरीव रेघ त्यात वाहून जाते.

झटपट गोंदाची, म्हणजे घरोघरी असणाऱ्या फेविक्विकची, तऱ्हा निराळी. त्याच्या वाफा जवळच्या पारदर्शक भागावर बसतात आणि कॉकपिटच्या काचेवर पांढरट धुकं धरतं. त्या काचेला आधी बोट लागलं असेल तर बोटाचे ठसेही स्पष्ट उमटतात. मॉडेलवाल्यांना वैताग आणणारा हाच गुण पोलिसांना मात्र वरदान ठरला. जगभरच्या गुन्हे प्रयोगशाळांमध्ये वस्तूंवरचे अदृश्य ठसे दिसावेत म्हणून याच गोंदाच्या वाफा मुद्दाम देतात. तुमच्या यानाला खिडकी बसवायची असेल तर सरळ पांढरा फेविकॉल घ्या. सुकला की तो पारदर्शक होतो आणि काचेला धक्का लावत नाही. खिडकी अगदी लहान असेल तर काडीने फेविकॉलचा पडदा ओढला की तोच काच बनतो.

रंग: इथे खरी मजा

जोडकाम हात शिकवतात, पण रंगकामाला अभ्यास लागतो, आणि हा छंद मला प्रिय आहे तो यासाठीच. खऱ्या अंतराळयानावर शोभेचा रंग जवळपास नसतो. प्रत्येक पट्ट्याला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं. ब्रश हातात घेऊन ‘इथे काळं का?’ असं विचारलं की अभियांत्रिकीचं एक दार उघडतं.

सॅटर्न-५ चे काळे-पांढरे पट्टेच घ्या. रॉकेट उडताना स्वतःभोवती किती फिरतंय हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना कळावं म्हणून ते होते. सगळं अंग पांढरं असतं तर फिरलेलं कळलंच नसतं. ही रीत रॉकेट अभियंता वर्नर फॉन ब्राऊनच्या मंडळींनी जर्मनीतून आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या संहारक व्ही-२ अस्त्राच्या चाचण्यांमध्ये असेच काळे-पांढरे चौकोन रंगवलेले असत.

आणि याच पट्ट्यांनी किट बनवणाऱ्यांना चकवलं! २५ मे १९६६ रोजी फ्लोरिडात पहिलं सॅटर्न-५ बाहेर आणलं गेलं, त्याचं नाव ५००-एफ. ते उडण्यासाठी नव्हतंच. तळावरच्या सोयी, क्रेन, नळ्या नीट बसतात का हे बघायला ते उभं केलं होतं. त्याच्या पहिल्या टप्प्यात दोन टाक्यांच्या मधल्या भागावर काळा पट्टा होता. फ्लोरिडाच्या उन्हात तो भाग भलताच तापायला लागला. मग उडणाऱ्या रॉकेटांवर तिथे पांढरा रंग आला. पण किटवाल्यांच्या हाती फोटो होते ५००-एफचे. त्यामुळे जुन्या किटच्या रंगपत्रिकेत कितीदा तो कधीच न उडालेला काळा पट्टा सापडतो. अपोलो-११ बनवत असाल तर तिथे मास्किंग टेप लावायचीच नाही, पांढरंच ठेवा.

इंजिनांचंही असंच. संग्रहालयात एफ-१ इंजिन बघितलं की नळ्या-नळ्यांचा उघडा नक्षीदार घंटाकार भाग डोळ्यांत भरतो, आणि आपण तोच रंगवतो. उड्डाणाच्या वेळी मात्र ही पाचही इंजिनं उष्णतारोधक वेष्टनात गुंडाळलेली असत, वरून धातूचा चकचकीत पत्रा. १/१४४ मापात एकेक इंजिन सुमारे ४ सेंटिमीटरचं. त्याला फॉइलचा तुकडा गुंडाळून नखाने दाबला की खरं रूप येतं.

अपोलोचा कमांड मोड्यूल, म्हणजे तिघे बसायचे तो शंकू, कित्येक जण राखाडी रंगवतात. संग्रहालयातला तपकिरी, होरपळलेला दिसतो. चंद्राकडे जाताना तो यांपैकी कसाही नव्हता. त्यावर कॅप्टॉन या प्लास्टिकच्या चंदेरी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, आरशासारख्या लखलखीत. परतताना वातावरणाच्या धगीत त्या जळाल्या, सोलपटल्या आणि खालचं तपकिरी आवरण उघडं पडलं. म्हणून रंग ठरवण्याआधी दिवस ठरवा: जातानाचं यान की परत आलेलं?

रशियन सोयुझ रॉकेटला तर हा प्रश्न तासांवर येतो. तळावर आणताना ते राखाडी-हिरवट असतं. मग अतिथंड द्रव ऑक्सिजन भरला की टाक्यांच्या बाहेरच्या अंगावर हवेतलं बाष्प गोठतं आणि रॉकेट पांढरंफेक होतं. फोटोतला तो पांढरा रंग नाहीच, तो बर्फाचा थर आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून गेले, त्या क्षणाचं मॉडेल करायचं तर पांढऱ्याचे पातळ, विरविरीत हात द्यावे लागतात. सरसकट पांढरं केलं की बर्फ वाटत नाही.

स्पेस शटलच्या पोटाशी असलेली ती मोठी नारिंगी टाकी? कोलंबियाच्या पहिल्या दोन उड्डाणांत, १९८१ मध्ये, ती पांढरी होती. मग कळलं की हा रंग काढून टाकला तर सुमारे २७० किलो वजन वाचतं. तिसऱ्या उड्डाणापासून रंग गेला आणि उघडा फोम दिसू लागला. त्या फोमचा रंगही ठरलेला नाही. ताजा असताना फिकट पिवळसर, उन्हातल्या अतिनील किरणांनी हळूहळू नारिंगी, पुढे तपकिरी. म्हणजे पांढरी टाकी लावायची तर वर शटल कोलंबियाच हवं. आणि कोलंबिया ओळखायची खूण म्हणजे पंख जिथे पुढे धडाला मिळतात तिथले काळे भाग. बाकी कुठल्याही शटलवर ते नव्हते.

शटलच्या पोटावरच्या उष्णतारोधक फरशा साधारण १५ सेंटिमीटरच्या चौरस. १/१४४ मध्ये त्या एक मिलिमीटरच्या होतात. इथेच रंगाच्या जाडीचं गणित करून बघा. ब्रशने दिलेला हात ०.०५ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या मापात तो ७ मिलिमीटरचा लिंपण होतो! म्हणून एकच जाड हात देऊन मोकळं होण्यापेक्षा चार पातळ हात बरे. पांढऱ्याला तर हे अगदीच लागू. तो झाकत नाही, म्हणून माणूस जास्त लावतो, आणि तो ओघळतो. आधी राखाडी प्रायमर, मग पांढऱ्याचे फवारे, प्रत्येक हात सुकू देऊन.

आणखी एक जुनी युक्ती: बाटलीतला शुद्ध काळा नि शुद्ध पांढरा तसाच वापरायचा नाही. लांबून बघितलेल्या वस्तूचे रंग मधल्या हवेमुळे फिके वाटतात. मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो, पण डोळ्याला ते शंभर मीटरवरचं वाटायला हवं. म्हणून काळ्यात थोडं राखाडी, पांढऱ्यात किंचित करडं.

चंद्राची जमीन करताना मात्र उलट चूक होते. पौर्णिमेचा चंद्र बघून आपण तिला पांढुरकी करतो. प्रत्यक्षात ती पडलेल्या प्रकाशातला जेमतेम १२ टक्के परत पाठवते. चांगली गडद, कोळशी राखाडी ठेवा. तिच्यावर चांद्रयान असं काही उठून दिसतं की बघत राहावं.

चॉकलेटचा कागद आणि चंद्रावरचं यान

आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन ज्यातून उतरले ते लूनर मोड्यूल ग्रमन कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजमध्ये बनवलं. त्याच्या खालच्या भागावरचं ‘सोनं’ सोनं नाहीच. कॅप्टॉन हा मधासारखा पिवळसर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा मुलामा. दोन्ही मिळून सोनेरी दिसतात. आपल्या उपग्रहांवर आणि चांद्रयानाच्या विक्रम लँडरवर दिसणारी सोनेरी झळाळीही याच जातीच्या आवरणांची.

हे पापुद्रे एकावर एक घट्ट बसले तर उष्णता एकातून दुसऱ्यात जाते. म्हणून ग्रमनचे कारागीर ते हाताने चुरगाळत, मग उलगडत. सुरकुत्यांमुळे थर एकमेकांना कमी टेकत. आज किट बनवणारा माणूस चॉकलेटवरचा सोनेरी कागद घेतो, मुठीत चुरगाळतो, उलगडतो आणि चिकटवतो. तीच कृती, त्याच कारणाने जन्मलेल्या सुरकुत्या!

आणि जाडी? त्या यानाच्या केबिनची भिंत काही ठिकाणी फक्त ०.३ मिलिमीटर होती. १/४८ मापात ती ०.००६ मिलिमीटर होते. पोळ्या गुंडाळायची स्वयंपाकघरातली फॉइलसुद्धा याहून जाड असते. ते यान किती नाजूक होतं हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं पटवून दिलं नव्हतं.

सहा मिलिमीटरची भैरवी

हासेगावाचं व्हॉयेजरचं किट १/४८ मापाचं आहे. त्यातली मोठी तबकडी, ३.७ मीटरचा अँटेना, पावणेआठ सेंटिमीटरची होते. चुंबकमापकाचा १३ मीटर लांब दांडा २७ सेंटिमीटरचा. आणि यानाच्या कुशीला लावलेली ती प्रसिद्ध सोनेरी ध्वनिमुद्रिका जेमतेम ६ मिलिमीटरची. ती रंगवताना कुणाही मराठी-कोकणी माणसाचा हात जरा जपून चालावा, कारण तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. रंग निवडताना पिवळा नको, धातूचा सोनेरी घ्या, आणि बारीक ब्रशचं टोक एकदाच टेकवा.

देशी रॉकेटाची हौस असेल तर पीएसएलव्ही स्वतःच घडवा. उंची ४४.४ मीटर, १/१४४ मध्ये ३१ सेंटिमीटर. पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर म्हणजे १९ मिलिमीटर, टोपण ३.२ मीटर म्हणजे २२ मिलिमीटर. जाड कागदाच्या सुरळ्या, वर पुट्टी, पॉलिश पेपर, झालं. काम करताना एवढं ध्यानात असू द्या की खऱ्या रॉकेटाच्या मोटारींची पोलादी आवरणं बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे आणि दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडतं.

किटमधून पडद्यावर

‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं. त्याच्या अंगावरचा तपशील भरायला बाजारात मिळणाऱ्या साध्या किटचे तुकडे वापरले. पुढे ‘स्टार वॉर्स’च्या कार्यशाळेत तर रणगाडे नि शर्यतीच्या गाड्यांची किट खोक्यांनी आणली गेली. मिलेनियम फाल्कनच्या पाठीवर इंजिनाचे भाग, चाकांचे जोड, तोफांचे तुकडे सुखाने नांदतात. १९७७ च्या त्या पहिल्या दृश्यात डोक्यावरून जाता जात नाही ते प्रचंड स्टार डिस्ट्रॉयर? ते ३ फुटांचं मॉडेल होतं. आणि ज्या चिमुकल्या यानाचा ते पाठलाग करतं, ते सुमारे ६ फुटांचं!

‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइझचं ११ फुटी मूळ मॉडेल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याची डावी बाजू जवळपास कोरी आहे. दिव्यांच्या तारा तिकडून बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे कॅमेरा कायम उजवीकडे. यान उलट दिशेने जाताना दाखवायचं झालं की उजव्या बाजूला उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म फिरवायची.

शेवटी अक्षरं

अक्षरं, झेंडे, आकडे म्हणजे डिकल, हे सगळ्यात शेवटचं काम. कागदातून कापायचं, पाण्यात भिजवायचं, सैल झालं की बोटाने सरकवत जागेवर न्यायचं. मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक येते. आधी ग्लॉसीचा हात, मग डिकल, मग मॅट.

मर्क्युरी मोहिमेतलं लिबर्टी बेल-७ करणार असाल तर एक तडा विसरू नका. फिलाडेल्फियाच्या तडा गेलेल्या घंटेचं नाव यानाला दिलं, म्हणून त्याच्या अंगावर पांढरी वाकडीतिकडी रेघही रंगवली होती. २१ जुलै १९६१ ला त्यातला अंतराळवीर गस ग्रिसम समुद्रात सुखरूप उतरला आणि यान मात्र बुडालं. साडेचार किलोमीटरहून खोल तळावरून ते वर आलं थेट १९९९ मध्ये.

आणि डिकलचा सगळ्यात झकास वापर १९६७ चा. ‘स्टार ट्रेक’च्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात एंटरप्राइझचंच जुळं, पण उद्ध्वस्त झालेलं यान हवं होतं. नवीन मॉडेलला पैसा नव्हता. दुकानात मिळणारं एएमटी कंपनीचं किट आणलं, डागून-भाजून मोडतोड केली. नंबर काय द्यायचा? किटमध्ये आकडे होते फक्त १७०१ चे. त्यांनी तेच कापले, क्रम बदलला आणि कॉन्स्टेलेशन यानाच्या अंगावर झळकलं १०१७. तुमच्या खोक्यातले उरलेले डिकल जपून ठेवा. दुसरं यान त्यांतून निघेल.